पाच हजार किलोमीटरची अट

मोटारसायकल आधी ऐकू आली आणि बऱ्याच वेळानं दिसली. तेवढ्या वेळात सुमैरानं दोन गिऱ्हाइकं काढली, चहा संपवला, आणि कुंडलच्या त्या चढावर गाडीला मागं टाकून एक म्हैस तिच्या गाड्यांच्या तेलाच्या दुकानापुढून निघून गेली. म्हशीचं काहींना पटत नाही. पण जाता जाता तिनं मागं वळून पाहिलं, असं सांगणारे चार जण अजून गावात आहेत.

गाडी दुकानापुढं थांबली. वर धुळीनं माखलेला, उंच, लाजाळू चेहऱ्याचा एक गडी.

"कारचं तेल घातलंय?" सुमैरानं काउंटरवरून न उठताच विचारलं.

तो बघतच राहिला. "तुमाला कसं कळलं?"

"इंजिन ओरडतंय आन् गाडी जाग्यावर. आमच्याकडं लहान पोराला कळंल."

"लय भारीतलं घातलं व्हतं, ओ. मित्राच्या कारचं उरल्यालं. म्हनलं, गाडीवर आपला जीव हाय..."

"जीव लावायच्या आधी डबा वाचावा मानसानं."

मागं खुर्चीवर पीरमहंमदभाईंच्या हातातला पेपर जरासा हलला. दुकान त्यांचं, पण गुडघे गेल्यापासून काउंटर लेकीचा. ती तिथं बसायला लागून सहा वर्षं झाली होती आणि पलूसपासून कडेगावपर्यंतचे ट्रॅक्टरवाले आता मेस्त्रीआधी तिला विचारत.

तिनं एक डबा पुढं सरकवला. "मोटारसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात भिजलेला असतो. कारच्या तेलात घसरायचं औषध जास्त. मग क्लच काय धरणार? हितं डब्यावर बघा — जासो, एमए. ही मोटारसायकलच्या तेलाची खूण. हे दिसलं तरच घ्यायचं."

"आन् हे दहा-डब्ल्यू-तीस?"

"डब्ल्यू म्हंजे विंटर. हिवाळा."

"आमच्या जतला हिवाळा कुठला, बाई? मी पान्याचा टँकर चालवतो... तिथं डिसेंबरातबी मेंढरं सावली हुडकत्यात."

"हिवाळा नसंल, सकाळ तर होती न्हवं? पयला आकडा थंड इंजिनाचा. जेवढा बारका, तेवढं तेल चटकन पळतं. दुसरा आकडा इंजिन तापल्यावरचा. तापलं की सगळीच तेलं पातळ व्हत्यात. आकडा मोठा, तर ते जरा दमानं."

"आन् तुमी तापला की?"

सुमैरानं त्याच्याकडं पाहिलं. एवढंच. पण तारिक — हे त्याचं नाव — पुढची दहा मिनिटं तेलाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचत उभा राहिला. डबा उलटा होता.

दर पाच हजार किलोमीटरला बदलायचं ते तेल तारिक पुढच्या शुक्रवारी बदलायला हजर. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही. दोन महिन्यांत त्याच्या गाडीचं इंजिन आतून इतकं लख्ख झालं, की मेस्त्री म्हणे झाकण उघडून त्यात भांग पाडायचा. मधल्या काळात तारिक बरंच शिकला. डब्यावर 'एस'नं सुरू होतं ते पेट्रोलच्या गाडीचं, 'सी'नं सुरू होतं ते डिझेलचं. त्यापुढचं अक्षर जितकं पुढचं, तितकं तेल नव्या जमान्याचं. टँकरला सीआय-फोर, पंधरा-डब्ल्यू-चाळीस. हे त्याला तिसऱ्याच शुक्रवारी पाठ झालं होतं. तरी तो दर वेळी नव्यानं विचारायचा, आणि तीही नव्यानं सांगायची.

एकदा तिनं त्याच्या गाडीतून काढलेलं तेल उन्हात धरलं. मधासारखं चमकत होतं.

"ह्याला काय झालंय? कशाला बदलताय?"

"गाडी... जरा आवाज करती."

"गाडी का तुमी?"

तारिक हसला. ती हसली नाही. डब्याचं झाकण फिरवत म्हणाली, "पंधरा दिवसांनी रविवारी कऱ्हाडची मानसं येनार हायत. मला बघायला. पोराचं नाव अश्फाक. लग्नानंतर दुकानात बसायचं न्हाई म्हनत्यात."

मागं पेपर पूर्ण थांबला.

बोलायची वेळ हीच होती. जतच्या त्या गड्यानं टोपी काढली, परत घातली आणि म्हणाला, "कऱ्हाड... चांगलं गाव हाय. पानी हाय."

सुमैरानं डबा धाडकन काउंटरवर ठेवला. "हे घाला आन् जावा. आता पाच हजार पुरं झाल्याबिगर ह्या दुकानाची पायरी चढायची न्हाई."

एवढं अंतर त्याला वर्षभर पुरलं असतं.

रविवार आला. दुकानामागच्या घरात कऱ्हाडची मंडळी बसली. अश्फाक इस्त्रीचा शर्ट घालून, त्याचे मामा पोह्यांवर. सुमैरा चहाचा ट्रे घेऊन आली, तेवढ्यात बाहेर गाडी थांबली. आवाज तिला पाठ होता. तिनं ट्रे अश्फाकच्याच हातात दिला आणि बाहेर गेली.

तारिक पायरीच्या खाली उभा होता. उन्हानं करपलेला, ओठ फुटलेले.

"पुरं झालं," तो म्हणाला. "बघा."

तिनं मीटर पाहिला, मागच्या वेळचा आकडा वजा केला. पाच हजार चार.

"पंधरा दिवसांत? कुठं कुठं फिरलात?"

"कुठं न्हाई. जत ते कुंडल. टँकर मित्राकडं, धुळाकडं दिला. पंचवीस खेपा... वेशीपतोर यायचो आन् माघारी जायचो."

"वेशीपर्यंत आलात, मग आत का न्हाई आलात?"

"तुमीच नको म्हनला व्हता."

सुमैरा खाली बसली. तिनं इंजिनाखालचा नट सैल केला. तेल डांबरासारखं काळं पडलं. ते संपेपर्यंत दोघं बघत राहिले.

"आता कुठलं भरू?" तिनं विचारलं.

"तेलासाठी न्हाई आलो मी... पयल्या दिसानंतर त्यासाठी कवाच न्हाई आलो." तो थांबला. "मला तुमी पायजे. काउंटरसकट."

दारात पीरमहंमदभाई उभे होते. केव्हापासून, देव जाणे. त्यांनी मीटर पाहिला, तेल पाहिलं, मग गड्याला पाहिलं.

"व्हय रं, तू जतचा. हिला तिकडं नेलीस तर दुकानात कोन बसनार?"

"आवं चाचा, टँकरला चाकं हायत. दुकानाला न्हाईत. मीच हिकडं येतो."

पीरमहंमदभाई वळून आत गेले. आत मामांनी विचारलं, पोरगी कुठं गेली?

"दुकानात," ते म्हणाले. "ती तिथनं उठायची न्हाई. तुमी पोहे खाऊन घ्या."

बाहेर सुमैरानं नवं तेल भरलं आणि गाडीचं कार्ड घेतलं. तारीख लिहिली, मीटरचा आकडा लिहिला. पुढच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"पुढचं कवा बदलायचं, ते लिवा की," तारिक म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," तिनं कार्ड स्वतःच्या गल्ल्यात टाकलं. "आता ते मी बघीन."