मधली खिडकी

आमच्या कंपनीत कापड कापायचा विभाग वेगळा, शिवणविभाग वेगळा. मध्ये भिंत, भिंतीत हातभर खिडकी, तिला सरकती फळी. कापलेले गठ्ठे मी खिडकीत ठेवायचे आणि फळी लावायची. पलीकडून दोनदा टकटक झालं की माल पोचला, पुढची जबाबदारी त्यांची. घरातल्या घरात कसला आलाय सही-शिक्का, असं साहेब म्हणायचे.

पलीकडचीचा चेहरा मी कधी पाहिला नाही. त्यांचं दार मागच्या रस्त्याला. पण दुपारच्या गठ्ठ्याची टकटक झाली की ती फळीआडून विचारायची, "जेवलीस का गं?" आई गेल्यापासून मला हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मी मुलखाची खोटारडी, उपाशी असले तरी "हो" म्हणायचे.

"खोटं," ती म्हणायची. मग मी मुकाट्याने डबा उघडायचे. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एका सकाळी साहेब गवंड्याला घेऊन आले. भिंत पाडून जागा वाढवायची होती.

"मग शिवणवाल्या कुठे बसणार?" मी विचारलं.

"त्या कधीच्याच नव्या इमारतीत गेल्या. तू लागायच्याही आधी."

"आणि माझे गठ्ठे?"

"पोचतात की रोज त्यांच्या दारात. तूच ठेवून जातेस ना?" साहेब हसले. माझ्याकडे पाहून हसायचे थांबले.

गवंड्याने फळी काढली. आत जेमतेम वीतभर पोकळी आणि मागे सलग विटा. विटांवर जाड धूळ बसली होती. गठ्ठे ठेवायची जागा मात्र स्वच्छ होती.

"इथून काय देत होता, बाई?" गवंडी म्हणाला.

खरं तर भीती वाटायला हवी होती, पण रडूच यायला लागलं.

दुपारपर्यंत भिंत गेली. कुणी काही विचारलं नाही. डबा तसाच परत आणला.

संध्याकाळी खोलीवर येऊन भिंतीला पाठ टेकून बसले. दिवाही लावला नाही.

"नाही जेवले," मी पहिल्यांदाच खरं सांगितलं. "एकटीला नाही राहवत इथं. मला घे तुझ्याकडे."

बराच वेळ काही झालं नाही.

मग माझ्या पाठीशी, विटांच्या आतून, दोनदा टकटक झालं.