मोठ्या डोळ्यांचे सहा मासे

पाचवा मासा मेला तेव्हा घरात सगळे दात घासत होते.

तीन दिवस तो टाकीच्या मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता, काळा पडलेला, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखा. आता आडवा होऊन फिल्टरच्या नळीला चिकटला होता. थोरलीनं त्याला जाळीनं काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि आईला न विचारता फ्रीजरमध्ये मटारच्या पिशवीमागे सारलं.

"हा फेकायचा नाही," ती भावाला म्हणाली. "आधीचे चार फेकले. आता हा एवढाच पुरावा आहे."

"मटार मी खाणार नाही मग," भाऊ म्हणाला.

भाऊ अकरा वर्षांचा. पुढचे दोन दात असे की सगळे त्याला फावड्या म्हणत, आणि तो ओ देई. थोरली तेरा वर्षांची. घरातली अर्धी अक्कल तिच्याकडे होती आणि तिला ते ठाऊक होतं, एवढाच काय तो तिचा दोष. तिसरी चिमी, आठ वर्षांची. ती दाराच्या चौकटीत उभी होती. टाकीच्या खोलीत ती पाऊल टाकत नसे.

त्याचं कारण बापाचं तोंड. बापाचं चष्म्याचं दुकान होतं. बाळ झालं त्या आनंदात त्यानं घरी काचेची टाकी आणली आणि तिच्यात सहा डिस्कस मासे सोडले. डिस्कस म्हणजे बशीसारखा गोल, चपटा मासा; दिसायला देखणा, जगवायला नाजूक. नव्या माणसानं चार जाणत्यांना विचारून घ्यावा. बापानं कोणाला विचारलं नाही. वीस वर्षं लोकांचे डोळे तपासलेला माणूस, त्यानं मासेही डोळे बघूनच निवडले. दुकानातले सगळ्यांत मोठ्या, टपोऱ्या डोळ्यांचे सहा. या घराला डोळ्यांचा भारी अभिमान. बाळ जन्मलं तेव्हा रंग कुणी पाहिला नाही, नाक पाहिलं नाही. डोळे घराण्याचे आहेत ना, एवढंच विचारलं.

माशांना खायला घालायचं काम चिमीचं ठरलं. ती चिमूट बघून बघून टाकत असे. दहाव्या दिवशी पहिला मासा गेला, मग दुसरा. बापानं दुकानदाराला फोन लावला. लहान मुलांचे हात कशाकशाला लागलेले असतात, तेच पाण्यात गेले असणार, असं दुकानदार म्हणाला. बापानं फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत, ते वाक्य चिमीला चिकटवून दिलं.

"तुझ्या हातानं मेले ते."

बोलून तो पाणी प्यायला आणि विसरून गेला. चिमी विसरली नाही. तिनं पुन्हा टाकीला हात लावला नाही, शेजारच्या मांजराला लावला नाही, आणि दोन महिन्यांच्या भावाला तर नाहीच नाही. आई बाळ पुढे करी, चिमी हात पाठीमागे नेई. आईला वाटलं, हेवा करते, जाईल. थोरली आणि फावड्या चिमीच्याच खोलीत झोपत. ती दिवसातून वीस वेळा हात धुते, हे त्यांना माहीत होतं. तिच्या बोटांच्या सांध्यांवरची कातडी फुटली होती.

"हे बघ," थोरली आता तिला म्हणाली, "आठ दिवस तू इकडे फिरकली नाहीस. तरी हा गेलाच ना?"

चिमीनं विचार केला. "माझा हात आधीच लागला होता," ती म्हणाली.

सुट्टी अजून बरीच उरली होती, पण येत्या रविवारी बाप आणखी सहा मासे आणणार होता, त्याच दुकानातून. तेही मेले असते तर चिमीचे हात कायमचे पाठीमागेच राहिले असते.

दोन गल्ल्या सोडून एक निवृत्त नर्सबाई राहत. बाळंतिणींच्या वॉर्डात तीस वर्षं काढलेली बाई, जीभ सुईसारखी. मागच्या खोलीत त्या डिस्कसची पैदास करतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बापालाही होतं. पण दुसऱ्यानं सांगावं आणि आपण ऐकावं, हे त्याच्या पचनी पडणारं नव्हतं.

थोरली गोठलेला मासा डब्यात घालून, फावड्याला सोबत घेऊन त्यांच्याकडे गेली. नर्सबाईंनी डबा उघडला, बंद केला, आणि दोन्ही पोरांना मागच्या खोलीत टाकीसमोर स्टुलावर बसवलं. वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही, नुसतं बघायचं. खोलीत उकडत होतं. डिस्कसला पाणी कोमट लागतं. पाचव्या मिनिटाला फावड्याच्या पाठीला खाज सुटली, पण नर्सबाई हातात घड्याळ धरून उभ्या होत्या. त्यानं खाजवलं नाही.

मग त्यांनी विचारलं, काय दिसलं. सगळे मासे पुढच्या काचेशी येऊन आपल्यालाच बघत होते, असं थोरलीनं सांगितलं. पंख उघडे होते. कपाळं भरलेली होती. आपल्या माशाचं तर सुरीच्या पात्यासारखं झालंय. दोन्ही बाजूंचे कल्ले सारखे हलत होते, फावड्यानं भर घातली. आणि एकाची शी काळी होती.

थोरलीला हसू आलं.

"हसू नकोस. वॉर्डात आम्ही तेच आधी बघायचो," नर्सबाई म्हणाल्या. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी दिसली तर त्या टाकीतला एकही मासा घ्यायचा नाही. श्वासाला एकच कल्ला हलत असेल तरी नाही. आणि आपल्या डोळ्यांसमोर खाल्ल्याशिवाय तर मुळीच नाही, कारण बरा असलेला डिस्कस समोर आलेलं खाणं सोडत नाही.

तेवढ्यात फावड्यानं खिशातून एक पट्टी काढली. ग्राहकाच्या दोन डोळ्यांतलं अंतर बाप जिनं मोजतो ती, मिलिमीटरची, न विचारता उचललेली. मेलेला मासा फावड्याच्या तळहाताएवढा होता. त्याचा डोळा भरला बारा. टाकीतला तेवढ्याच आकाराचा एक मासा काचेशी आला, त्याचा भरला आठ. बारा भरला तो शेजारच्या टाकीतल्या जुन्या नराचा, आणि तो नर केवढा, तर जेवायच्या ताटलीएवढा.

थोरलीनं आकडे तळहातावर लिहिले आणि एकमेकांशी ताडून पाहिले.

"म्हणजे आमचा मासा एवढासा दिसतो, तरी पिल्लू नव्हताच," ती म्हणाली.

"अंग वाढायचं थांबतं, डोळा थांबत नाही," नर्सबाई म्हणाल्या. "उपाशी, घाण पाण्यात, दाटीवाटीनं ठेवलेला म्हातारा मासा आहे हा. तुझ्या बाबांनी दुकानातले सगळ्यांत आजारी सहा हुडकून काढले. इतकं अचूक मलाही जमलं नसतं."

घरी येऊन थोरलीनं बापाला सांगून पाहिलं. पट्टी पळवल्याबद्दल बोलणी बसली. बाकीचं त्याच्या कानात शिरलं नाही. दिवसभर ज्याला लोक 'आता कसं स्वच्छ दिसतंय' असं सांगतात, त्याला स्वतःला काही दिसलं नाही हे कसं पटणार? शनिवारी सहावा मासाही गेला. चिमीनं ते दारातूनच पाहिलं आणि ती बेसिनकडे वळली. आतून नळाचा आवाज किती तरी वेळ येत राहिला.

"उद्या," थोरली म्हणाली. फावड्यानं पट्टी पुन्हा उचलून खिशात घातली.

रविवारी सकाळी साडेआठपासून दोघं माशांच्या दुकानासमोर, बंद लाँड्रीच्या पायरीवर बसून होते. नऊ वाजून दोन मिनिटांनी दुकानदार आला. त्यानं शटर वर केलं, दारातूनच आत हात घालून एक बटण दाबलं, आत लाल उजेड पडला. मग बाहेर खुर्ची टाकून तो फोनवर बोलत बसला. सव्वानऊला बाप आला तरी त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

पोरांना तिथं पाहून बापाच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण परक्यासमोर तो काही बोलला नाही. सगळे आत गेले. डिस्कसच्या टाकीवर लाल ट्यूब जळत होती आणि तिच्याखाली मासे नुसते शेंदरी दिसत होते. थोरलीनं अगदी गोड आवाजात विचारलं, यांना थोडं खायला घालून दाखवता का.

"आत्ताच पोटभर खाल्लंय त्यांनी. आता तोंड लावणार नाहीत," दुकानदार म्हणाला. "आल्या आल्या पहिलं काम तेच करतो मी."

थोरलीनं तळहात उघडला. नऊ वाजून दोन मिनिटं, शटर. मग फोन. सव्वानऊपर्यंत खुर्ची. तिनं वाचून दाखवलं.

"तुम्ही आत गेलाच नाहीत, काका. खायला घातलं कुणी?"

बापाची मान वळली. मागच्या खेपेला त्यालाही हेच ऐकवलं होतं, आत्ताच खाल्लंय म्हणून. आणि तेव्हा संध्याकाळ होती.

तेवढ्यात फावड्यानं लाल ट्यूबचं बटण बंद केलं. दुकानदार ओरडला. थोरलीनं बापाकडे हात केला आणि त्याच्या खिशातला छोटा टॉर्च मागितला, लोकांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बघायचा. बापानं तो दिला नाही. स्वतःच लावला.

पांढऱ्या उजेडात शेंदरी रंग गेला. उरले ते काळपट, पंख मिटलेले तीस-चाळीस मासे, मागच्या कोपऱ्यात एकमेकांच्या आड दाटलेले. सगळ्यांत जवळचा होता त्याचा एकच कल्ला उघडत होता. दुसरा चिकटून बसलेला. प्रत्येक श्वासाला त्याचं सगळं अंग ओढलं जात होतं.

फावड्यानं पट्टी पुढे केली. बापानं ती काचेला लावली, एक डोळा मिटून, रोज लावतो तशी. अकरा. बारा. बारा. साडेअकरा. पाचव्या माशाशी त्याचा हात खाली आला.

"किती दिवसांचे आहेत हे?"

"दोन वर्षं झाली माझ्याकडे," दुकानदार पुटपुटला. "वाढतच नाहीत. ट्यूब लावल्याशिवाय कुणी ढुंकून बघत नाही, मी तरी काय करू?"

"आणि फोनवर माझ्या पोरीच्या हातांचं बोललात."

"मी आपलं लहान मुलांचं म्हणालो. तिचं नाव कुठं घेतलं मी?"

ते खरं होतं. नाव बापानंच घेतलं होतं.

त्या दिवशी दुपारी, त्याच टेबलावर, सगळ्यांदेखत, बाप चिमीला म्हणाला, "मासे मी आजारीच आणले होते. तुझ्या हातानं एकही मेला नाही. मी वाईट बोललो." चिमीनं मान हलवली. हात मात्र पाठीमागून पुढे आले नाहीत.

थोरलीनं तिला आणि बापाला, दोघांना नर्सबाईंकडे नेलं; फावड्याही गेला. नर्सबाईंनी बापालाही स्टुलावर वीस मिनिटं बसवलं, सूट दिली नाही. घरची टाकी रिकामी करायची, घासायची, नवं पाणी भरून तीन आठवडे नुसती चालवायची, मगच मासे मिळतील, असं त्यांनी बजावलं. पण निवडायचे आजच. आणि निवडणार चिमी.

चिमी नको म्हणाली. तिनं हात दाखवले, फुटलेले.

नर्सबाईंनी ते हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले. "याच्यावर तेल लाव," त्या म्हणाल्या. "माझ्या या हातांत तीस वर्षं बाळं आली. पुष्कळ जगली. काही गेली. हात तेच होते, पोरी."

मग नर्सबाईंनी माशांच्या खाण्याच्या अळ्यांचा एक गोळा चिमीच्या बोटांत ठेवला. चिमीनं डोळे गच्च मिटले आणि हात मनगटापर्यंत पाण्यात घातला. सहा-सात मासे धावले. तिच्या बोटांना टोचे बसले तेव्हा तिनं डोळे उघडले, आणि कल्ले मोजायला लागली, ओठ हलवत, एकेका माशाचे.

"नजर आहे तुमच्या घरात," नर्सबाई बापाला म्हणाल्या. "तुमच्याकडे नसली म्हणून काय झालं, या तिघांकडे आहे." बाप यावर हसला, आणि मिलिमीटरची पट्टी फावड्याला कायमची देऊन टाकली. थोरलीला त्यानं काही दिलं नाही. पुढचा मासा तिला विचारल्याशिवाय घरात येणार नाही, एवढंच म्हणाला. तिला तेच हवं होतं.

संध्याकाळी आई पलंगावर बाळाला घेऊन बसली होती. चिमी आली. हाताला तेल लावलेलं होतं. ती मांडी घालून बसली आणि म्हणाली, "दे."

आईनं बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. चिमीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि एक मिनिटभर, पापणी न हलवता, त्याच्या नाकपुड्यांवर नजर ठेवली.

"दोन्ही बाजू चालू आहेत," ती म्हणाली.