कोवळ्या भेंडीची परीक्षा

“यंत्राजवळ जाणार असशील तर ओढणी खोचून घे गं,” अक्काताईंनी लेकीला दारातूनच बजावलं.

“आपल्या दुकानातलं सातूचं पोतं पोचवायला चाललेय आई, लढाईला नाही!” आदिती रिक्षात बसलीसुद्धा. बी.एस्सी. झालेल्या मुलीला कोण ओढणीचे धडे देतं?

उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन लोखंडी रोलर मोटारीवर गरगरत होते. तेलाच्या वासात भरडलेल्या सातूचा गोडूस वास मिसळला होता. आदिती वाकली, नुसतं बघायला... आणि तिच्या गुलाबी ओढणीचं टोक रोलरांनी अलगद आत घेतलं. मग अलगद राहिलं नाही. मान खेचली गेली, आणि त्याच क्षणी कुणीतरी झेप घेऊन खटका बंद केला.

“ओढणी खोचता येत न्हाय व्हय?” तो ओरडला.

“तुमच्या गिरणीला तोंड झाकता येत नाही व्हय?” ती गळा चोळत म्हणाली. “करता तरी कशाला असली?”

तो वीरेश, शेडचा मालक. “परदेशात लोक घरच्या घरी बिअर करत्यात. त्यांच्यासाठी हाय ही. दाणा फुटाय पायजे, पण टरफल शाबूत. पीठ झालं की सगळं बिघडलं.”

“शी! आमचा सातू दारूला?”

“तुमच्या सातूवर नुसती चाचणी. भरडल्यावर म्हशी खात्यात. त्या अजून शुद्धीत हायत.”

तिला हसायचं नव्हतं. आलंच हसू. मग एकदम थांबली. “पण घरच्या घरी म्हणताय... घरात पोरं असतात. ओढणीच्या जागी बाळाचं बोट असतं तर?”

वीरेशनं रोलरांतून ओढणीचा फाटका तुकडा सोडवला. तो तिच्या हातात दिला.

“जाळी लावून बघितली मी. सातू अडकतोय. ह्या गिरण्या परदेशी धाडणाऱ्या कंपनीचा माणूस शनिवारी येणार. नमुना नापास झाला की ऑर्डर गेली, आन् ऑर्डर गेली की ही शेडबी गेली.”

कोपऱ्यातून त्याचे चुलते प्रभुलिंगकाका गरजले, “गिऱ्हाइकानं जाळी मागितलीया का? मग नसती कटकट कशाला!”

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर. ओढणी कमरेला घट्ट खोचलेली, हातात डबा.

“जेवाण आणलंय?”

“बाळाची बोटं आणलीत.” डब्यात कोवळ्या भेंड्या होत्या.

“गाजर न्हाय मिळालं?”

“आम्ही जैन, आमच्यात जमिनीखालचं चालत नाही. आणि ऐका, दुकानात सातू चाळायला आम्ही लांब चिरांची चाळण घेतो. चौकोनी भोकात तो आडवा बसतो. उभ्या सळ्या लावा की!”

पहिल्या सळ्यांतून भेंडी सरळ आत गेली आणि तिचा चेंदामेंदा झाला. दोघांनीही डोळे मिटले. सळ्या जवळ आणल्या, तर सातू अडला. मग त्यानं त्या तिरक्या केल्या, पुन्हा जोडल्या, पुन्हा घासल्या...

“काय बघताय?” तिनं विचारलं.

“सातूची धार.”

“धार तिकडं आहे.”

“व्हय की... हाय.” पण मान काही वळली नाही. तिनं घाईघाईनं दुसरी भेंडी उचलली. कान तापले होते, ते कुणाच्या लक्षात यायला नको होतं.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास सातू सळसळत खाली आला आणि भेंडी सळ्यांवर वाकून राहिली. शाबूत!

शनिवारी कंपनीच्या माणसानं रोलरांचे दात बघितले, मधली फट मोजली, मूठभर भरड घेऊन फुंकर मारली. टरफलं अख्खी उडाली. मग त्यानं कपाळाला आठी घातली. “या सळ्या कुणी सांगितल्या?”

काका आदितीकडं बोट दाखवून मोकळे झाले. वीरेशनं त्या माणसाच्या हातात भेंडी दिली. “घाला आत. जोर लावून.”

भेंडी वाकली. गेली नाही. त्यानं पुन्हा जोर लावला. तरी नाही!

“माझी मुलगी नुकती रांगायला लागलीय,” तो हळूच म्हणाला. मग मोठ्यानं, “सगळ्या गिरण्यांना हीच जाळी. ऑर्डर पक्की!”

“मी तर पहिल्यापास्नं सांगत हुतो!” काका शेड दणाणून ओरडले. आदिती आणि वीरेशची नजर भेटली, आणि दोघांनाही हसू आवरेना.

रविवारी अक्काताईंच्या दारात वीरेश उभा. धुतलेला शर्ट, हातात एकच भेंडी.

“भाजी विकायला आलाय व्हय, पावणं?”

“न्हाय... तुमची लेक मागायला आलोय. ही भेंडी जशी जपली, तशी—” त्यानं भेंडीच पुढं केली.

अक्काताईंनी मागं वळून बघितलं. आतल्या दाराआड आदिती उभी होती. घरातच, आणि ओढणी कमरेला खोचलेली.

“माझं कधी ऐकलं न्हाईस गं, यांचं बरं ऐकलंस!” त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. मग गालात हसल्या. “आत या, जावईबापू. भेंडी इकडं द्या.”

तोच पहिला नमुना आज आदितीच्या स्वयंपाकघरात आहे. त्यांच्या लहानग्या केतनच्या पेजेचा सातू त्यावरच भरडला जातो. सळ्या अजून हलल्या नाहीत. तरी खटका दाबण्याआधी ती हाक मारते, “केतन, हात दाखव!” आणि दारातून दोन गुबगुबीत पंजे वर होतात.

तुमच्याही घरात असेल की गिरणी, मिक्सर, काहीतरी फिरणारं. तेव्हा ही गोष्ट ठेवा बाजूला, आणि आपलं पोर कुठं आहे, तेवढं बघून या.