सगळ्यांचा नवार

हुकूमशहा पहाटे विमानात बसून पळाला आणि त्याच दिवशी होम्स शहराच्या भाजीबाजारात हनादीनं त्याला मोठ्यानं शिवी हासडली. भाजीवाल्यानं सवयीनं आधी मागे वळून पाहिलं, मग स्वतःही एक दिली. दोघं हसले. हनादीची आई, विदादबाई, हसल्या नाहीत. त्यांना हसू नको होतं, आपला मुलगा नवार हवा होता.

अकरा वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या फाटकावरून त्यांच्या मुलाला उचललं होतं. कुठे नेलं, हे विचारायचीही सोय नव्हती. विचारणाराही तिकडेच जायचा. शेजारी विचारत, तेव्हा त्या तो जर्मनीत असल्याचं सांगत. शेजारीही मान डोलावत, कारण त्यांच्याही घरचं कोणी ना कोणी असंच जर्मनीत होतं.

राजधानीजवळच्या टेकडीवरचा तुरुंग फुटल्याचं कळताच विदादबाई लेकीला घेऊन तिथे पोचल्या. आवारात गुडघाभर चिखल. जमिनीखाली आणखी कोठड्या असतील म्हणून लोक कुदळी घेऊन फरश्या फोडत होते. भिंतीला टेकून एक माणूस बसला होता. हाडांवर नुसती कातडी, आणि स्वतःचं नाव विचारलं तरी तोंडातून शब्द नाही. विदादबाईंनी त्याची डावी बाही वर सारली. मनगटावर भाजल्याचा डाग होता. लहानपणी द्राक्षाचा उकळता पाक सांडून नवारला पडला होता, तसाच.

"आई, चेहरा नीट बघ," हनादी हळूच म्हणाली.

"तिथे अकरा वर्षं काढून तुझा तरी राहिला असता का चेहरा?"

त्या गणिताच्या शिक्षिका. उत्तर दोनदा ताडून पाहिल्याशिवाय पुढे न जाणाऱ्या. पण त्या दिवशी त्यांनी एकदाच पाहिलं आणि त्याला घरी आणलं. आंघोळ घातली, नखं काढली, मसुराचं सूप चमच्यानं भरवलं. दार वाजलं की तो धडपडत उठे, भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसे आणि डोळे हातांनी झाकून घेई. तुरुंगात तसाच नियम होता म्हणे. "अरे बाळा, पाववाला आहे," असं म्हणत विदादबाई त्याला उठवून बसवायच्या.

हनादीनं त्याचा फोटो मित्रमैत्रिणींना पाठवला. तो किती हातांतून फिरला, कोण जाणे. दुसऱ्याच दिवशी हमा गावचे सुतार अबू अदहम दारात उभे राहिले. ओशाळून म्हणाले, एकदा पाहू द्या, लगेच जातो. त्यांनी त्या माणसाचा उजवा हात हातात घेतला आणि ते मुलासारखे रडू लागले. करंगळीचं टोक नव्हतं.

"करवतीनं गेलं होतं, ताई. माझ्याच दुकानात. माझाच अदहम हा."

विदादबाई त्या हाताकडे बघत राहिल्या. आदल्याच दिवशी त्यांनी त्या करंगळीचं नख काढलं होतं. आणि आता तिथे जुनी, गुळगुळीत झालेली कातडी होती, कित्येक वर्षांपूर्वीची.

साम्य असतं माणसामाणसात, असं काहीतरी त्या बोलल्या. अबू अदहमनी वाद घातला नाही. ते जिन्यावर जाऊन बसले. मग दरा शहराहून एक म्हातारी आली आणि तिला कानामागे तीळ सापडला. दोघे भाऊ आले, त्यांनी त्याचा ओठ वर करून तुटका दात दाखवला. आंघोळीच्या वेळी यातलं काहीच नव्हतं. जिना भरत गेला. कुणी शेगडी आणली, चहा झाला, पण भांडण कुणीच केलं नाही. सगळे पुन्हा पूर्वीसारखे दबक्या आवाजात बोलू लागले.

"आई, हा नवार नाही."

"आणि मनगटावरचा डाग?"

"तू बाही वर करायच्या आधी तो तिथे होता का?"

शाळेत कुणावर कधी हात न उगारलेल्या विदादबाईंनी लेकीच्या थोबाडीत मारली. मग स्वतःच रडल्या. मग दाराला साखळी लावली. आता कुणी आत यायचं नाही. माझ्या पोराच्या अंगावर आणखी कुणाचं काही उमटू द्यायचं नाही.

संध्याकाळी पुन्हा दार वाजलं.

फटीतून एक बाई दिसली, पस्तिशीची. हातात फोटो नव्हता.

"इथे माझा मुलगा आहे. दुसरं कुणी नाही," विदादबाई म्हणाल्या.

"हो ताई. खाली सांगितलं लोकांनी." ती बाई सावकाश बोलत होती. "मलाही नेलं होतं. माझी लेक लयान चाळीस दिवसांची होती, म्हणून तिलाही. एका सकाळी मांडीवरून उचलून नेली. लस टोचायला नेतो म्हणाले. नऊ वर्षं झाली."

"बाई, आत दाढीवाला माणूस आहे."

"ठाऊक आहे. तरी एकदा बघू द्या."

विदादबाई काहीतरी कडक बोलणार होत्या.

आतल्या खोलीतून रडणं आलं. बारीक, भुकेल्या तान्ह्या पोराचं.

जिन्यावरचे सगळे उठून उभे राहिले. हनादी खोलीच्या दारातून पाठमोरी मागे सरत आली आणि आईला धडकली.

विदादबाईंचा हात साखळीवर होता. साखळी काढली की नवार गेला, हे त्यांना फळ्यावरच्या गणितासारखं स्पष्ट दिसत होतं. न काढावी, तर ते रडणं थांबणार नव्हतं.

त्यांनी साखळी काढली आणि त्या बाजूला झाल्या.

बाई लगेच आत आली नाही. ती आपल्या कोटाकडे बघत होती. छातीवर दोन्हीकडे दुधाची ओल हळूहळू पसरत होती.