काठोकाठ भरलेला पेला

माझ्या सुनेला ओतायचं कळत नाही. सात वर्षं झाली तिला या घरात येऊन. राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, बिअरचंच शिक्षण घेतलंय, त्याचा कागद चौकटीत घालून भिंतीला टांगलाय, पण पेला हातात आला की काठोकाठ भरते. फेसाला जागा नाही, नाकाला जागा नाही. पिणाऱ्याची बाही भिजते, टेबल चिकट होतं आणि पुसायला मी. "युर्गिता, दोन बोटं कमी." गेली दोन वर्षं मी दर वेळी सांगते. "हो आई," ती दर वेळी म्हणते. आणि पुन्हा काठोकाठ.

बिअर पिण्याची तिची तऱ्हाही निराळी. आधी उजेडात धरणार, मग हुंगणार, तोंडात घोळवणार आणि वहीत लिहिणार. 'वाळलेल्या आलुबुखाराची झाक.' अगं, आलुबुखारच हवा असेल तर फडताळात बरणी भरलेली आहे! मी चार इयत्ता शिकले. माझ्या आईने बिअर केली, तिच्या आईने केली, मी पन्नास वर्षं केली. वही कोणी ठेवली नाही. जिभेवर राहिलं तेवढं राहिलं.

असो. सांगायचं आहे ते तिने माझ्या मुलाच्या गव्हातून केलेल्या बिअरबद्दल.

माझा मुलगा गेला त्याला या मार्चमध्ये दोन वर्षं होतील. त्याआधीच्या सप्टेंबरात त्याने तळ्याकाठचं शेत पेरलं होतं. मार्च उजाडला आणि एका सकाळी तो बर्फावरून तळ्यापलीकडे मित्राकडे निघाला. हिवाळ्यात आम्ही सगळे तसेच जातो, रस्त्याने सात किलोमीटर पडतात. बर्फ वरून चांगला पांढराशुभ्र होता. मुलगा चौथ्या दिवशी त्याच्याखाली सापडला. गव्हाला यातलं काही कळलं नाही. तो ऑगस्टमध्ये पिकला, कमरेएवढा, दाणा टपोरा. कापायला शेजारी आले.

मुलाचं नाव घरात घ्यायचं नाही, हे मी ठरवलं. असं बोलून कोणाला सांगितलं नाही, पण युर्गिताला कळलं आणि तिने ते पाळलं.

त्या सकाळी निघताना त्याला बिअर तिनेच ओतून दिली होती. आमची भट्टीतली, कडक. त्याच्या लाकडी पेल्यात, काठोकाठ. पेला उभ्याउभ्या रिकामा करून, खिशात कोंबून तो गेला. हे मी तिला कधी तोंडावर म्हटलं नाही. फक्त 'दोन बोटं कमी' म्हणते. मला काय म्हणायचंय ते तिला कळतं, हे मला माहीत आहे.

"हा गहू विकायचा नाही, आई," गहू घरी आल्यावर ती म्हणाली. "याची बिअर करते. निव्वळ याची. काळी, वाइनसारखी कडक. तिला गव्हाची वाइनच म्हणतात."

"वाइन द्राक्षांची असते," मी म्हटलं. "बिअर ती बिअर."

थंडी सुरू झाली तेव्हा तिने वाफेच्या न्हाणीघराच्या माळ्यावर भिजवलेला गहू पसरला. मोड येत असताना तो दिवसातून दोनदा हाताने उलथावा लागतो, नाहीतर मुळं एकमेकांत गुंततात आणि ढेप होते. सकाळी मी उलथायची, संध्याकाळी ती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर गहू आधीच उलथलेला. नुसता उलथलेला नाही, त्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार बोटांनी ओढलेल्या नागमोडी रेघा. माझा मुलगा लहानपणी असंच करायचा आणि माझा ओरडा खायचा. मोठा झाल्यावरही करायचा, मी ओरडावं म्हणून.

मला राग आला. वाटलं, ही मला डिवचते आहे. मी हाताने सगळ्या रेघा मोडल्या.

संध्याकाळी ती न्हाणीघरातून आली. केसांना वाफ, तोंड उतरलेलं. "आई, रेघा तुम्ही ओढल्यात का?"

सकाळी तर मी त्या सगळ्या मोडल्या होत्या. मी बटाटे सोलत होते. "हो," मी म्हणाले. "मीच."

का म्हणाले, ते अजून मला सांगता येत नाही. मी आयुष्यात फारसं खोटं बोललेली नाही. त्यानंतर सकाळी वर जायचं झालं की मी पायऱ्यांवरूनच आवाज करत जायची.

मोड आलेला गहू वाळला, भरडला, गरम पाण्यात कालवला. त्या लगद्याचे गोळे करून भाकरीच्या भट्टीत घातले ते कवच काळं पडेपर्यंत. सगळं घर जळक्या साखरेसारख्या वासाने भरलं. पुढे पाणी, हॉप्सची कडू फुलं, यीस्ट, आणि शेवटी ओकच्या पिंपात. पंधरा महिने ते पिंप तळघरात होतं. दर महिन्याला युर्गिता खाली जायची, ठोकून बघायची. मी जात नव्हते. मी दोन वर्षांत बिअरचा थेंब तोंडात घेतला नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस तिच्या बहिणीचा फोन आला. व्हिल्नियसच्या एका बिअरवाल्याकडे जागा आहे म्हणून. युर्गिताने बॅग भरली आणि दारामागे ठेवली.

"सोमवारची बस आहे," ती म्हणाली. "रविवारी पिंप उघडते. तुम्ही चाखा. चांगली म्हणालात तर मी इथेच राहीन, या घराच्या नावाने बाटल्या भरीन. नाही म्हणालात तर जाईन. मधलं काही नको, आई. 'बरी आहे' नको."

ती गेली असती तर या घरात 'हो आई' म्हणायला कोणी उरलं नसतं. हे मला समजत होतं. पण 'राहा' म्हणायला माझी जीभ वळेना. आणि वाईट बिअरला मी चांगली म्हणणार नव्हते. ती माझी सून असली तरी. माझी आई असती तरी.

रविवारी चर्चमधल्या मासनंतर पोविलास आणि त्याची बायको ब्रोने आले. दोन घरं सोडून राहतात. पोविलासने उभं आयुष्य लाकडाच्या गिरणीत काढलं, कान तिथेच ठेवले. आता शेजारी तोफ उडवली तरी मान वळवत नाही, ओठ बघून काय ते समजून घेतो. येताना त्याने नवा पेला आणला होता, पांढऱ्या मऊ लाकडाचा, कालच पॉलिश केलेला.

"म्हातारा चार दिवस हाच कोरत बसला होता," ब्रोने म्हणाली. "माझ्या खुर्चीचा पाय मोडलाय तो तसाच. मी आपली भिंतीला टेकून जेवते."

"काय म्हणते ही?" पोविलासने मला विचारलं.

मी ओठ मोठे करून म्हटलं, "तुझं कौतुक करतेय."

"खोटं," तो म्हणाला.

आमच्याकडे बिअर एकाच पेल्यातून पितात. पिणाऱ्याने पेला संपवायचा, घड्यातून पुन्हा भरायचा, पुढच्याचं नाव घेऊन त्याच्या हातात द्यायचा. ज्याचं नाव घेतलं त्यानेच तो प्यायचा. मध्ये पेला खाली ठेवायचा नाही, दिलेला परत घ्यायचा नाही, दुसऱ्याने मध्येच उचलायचा नाही. उजवीकडून फिरत फिरत पेला पुन्हा पहिल्याकडे येतो, तेव्हा फेरी पुरी होते.

टेबलावर मीठ लावलेले उकडलेले वाटाणे होते, काळी भाकरी होती, चीज होतं. बिअर जिने केली तिने सुरुवात करायची, म्हणून युर्गिता पहिली. तिच्या उजवीकडे माझ्या मुलाची खुर्ची. ती आम्ही काढलेली नाही आणि तिच्यावर कोणी बसत नाही. तिच्या पलीकडे पोविलास, मग ब्रोने, शेवटी मी. बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं, तळं टोकापर्यंत पांढरं दिसत होतं.

युर्गिताने घडा तिरका केला. बिअर जाड होती, आवाज न करता आली. डांबरासारखी काळी, पण उन्हात तिची कड लालसर. तिने पहिले थेंब जमिनीला दिले. ते ती विसरत नाही, एवढं कबूल करते. मग ती प्यायली. वही काढली नाही. डोळे मिटून सगळा पेला प्यायली आणि बराच वेळ तशीच बसली.

"मेली का?" ब्रोने म्हणाली.

युर्गिता हसली. दोन वर्षांत मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसताच तिने पेला पुन्हा भरला, अर्थात काठोकाठ. उजवीकडे वळली आणि इतकी वर्षं म्हणत आली तसं म्हणाली, "लीनास, तुला."

आणि पेला पुढे धरला.

ब्रोनेने छातीवर क्रूसाची खूण केली. युर्गिताचा चेहरा पांढरा पडला, पण हात तसाच राहिला. तिने तरी काय करावं? नाव घेऊन झालं होतं. पेला खाली ठेवता येत नव्हता, परत घेता येत नव्हता. पोविलासने मध्ये हात घालायचा नव्हता. काठावरून बिअर तिच्या मनगटावर ओघळत होती, थेंब रिकाम्या खुर्चीवर पडत होते.

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते देव जाणे. चांगलं नक्कीच नव्हतं.

तेवढ्यात तळ्यावर बर्फ तडकला. लांबवर, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत ओढत गेलेला आवाज. आम्ही तिघी खिडकीकडे वळलो. फेब्रुवारीत बर्फ असा आवाज करतो, त्यात नवल नाही. पण त्या दिवसानंतर तो आवाज आला की मी बघते.

वळून पाहिलं तेव्हा युर्गिताचे हात रिकामे होते.

पेला पोविलासच्या हातात होता. भरलेला. ताजा फेस. काठापासून दोन बोटं कमी.

घडा त्याच्या बाजूला गेला होता, खुर्चीच्या पलीकडे.

"पोविलास," ब्रोनेने त्याचा दंड धरून त्याला आपल्याकडे वळवलं. "तू का घेतलास? तुला कुठे दिला होता?"

"दिला म्हणून घेतला," तो म्हणाला. "'पोविलासकाका, तुम्हाला' म्हणाला."

"तुला ऐकू येतं?"

"ऐकलं की मी." आणि मग त्याला कळलं. त्याने हळूच शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. पण दिलेला पेला प्यायचा असतो. तो प्यायला. भरला. बायकोचं नाव घेतलं. ब्रोनेने डोळे मिटून रिकामा केला. तिचे दात पेल्यावर वाजत होते.

"स्टेफा," ती म्हणाली, "तुला."

लाकूड गार होतं. हात लावताच बोटं आखडली. बिअर तळघरातली असते, पण तशी गार नसते.

मी पेला तोंडाला लावला आणि खालच्या ओठाला काहीतरी टोचलं.

काठावर दोन खुणा होत्या. एका दाताची पूर्ण, शेजारच्याची अर्धी.

माझ्या मुलाचा पुढचा दात नऊ वर्षांचा असताना घसरगाडीवरून पडून तुटला होता. बिअर पिताना तो काठ चावायचा. त्याच्या जुन्या पेल्यावर अशीच खूण होती. तो पेला त्याच्या खिशातून तळ्यात गेला, सापडला नाही. हा पेला काल पूर्ण झाला होता.

मी ओठ तिथेच ठेवले आणि प्यायले.

आधी काळ्या भाकरीचं कवच. मग मध, अगदी तळाचा, घट्ट. मग छातीत ऊब उतरली, खाली, पोटापर्यंत, पायापर्यंत. आणि सगळं गेल्यावर जिभेवर राहिला कच्चा गहू, ओला, नुकता उपटून चावल्यासारखा. त्याच्यामागून एक आवाज आला. माझाच होता. त्या सकाळचा, चुलीजवळून.

'भरून दे गं त्याला. काठोकाठ. थंडी केवढी आहे.'

ते मी म्हणाले होते.

युर्गिताला ते माहीत होतं. दोन वर्षं माहीत होतं. माझ्या प्रत्येक 'दोन बोटं कमी'ला 'हो आई' म्हणताना माहीत होतं. एकदाही तिने ते माझ्यापुढे ठेवलं नाही. मी सांगितलं तसं ती भरत राहिली.

सगळे माझ्याकडे बघत होते. बॅग दारामागे होती. मी पेला भरून युर्गिताच्या हातात दिला, तिचं नाव घेतलं, फेरी पुरी केली. मग तिचा ओला हात हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले,

"बिअर उत्तम झालीय, युर्गिता. माझ्या हातून अशी कधी झाली नाही. बॅग उघड, कपडे जागेवर ठेव. आणि आता दुसऱ्या फेरीला लीनासचा पेला अर्धाच भर. त्याला परत बर्फावरूनच जायचंय."