पाचव्या मजल्यावरची टोपली

आमच्या नऊ नंबरच्या इमारतीला लिफ्ट नाही. सहा मजले, प्रत्येक मजल्यावर दोन घरं, आणि जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. मी तळमजल्यावर १०२ मध्ये राहते; आमच्याकडे तळमजलाच पहिला धरतात. फाटकावर इमारत-प्रमुख म्हणून माझं नाव आहे, वेई सूलान. निवडणूक वगैरे काही झाली नव्हती. वस्ती समितीच्या बाईंनी विचारलं तेव्हा बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या आणि मी घातली नाही, एवढंच. शांघायला टाळेबंदी लागली आणि सगळ्या इमारतीचं दाणापाणी, औषधं, चाचण्या, सगळं माझ्या गळ्यात आलं.

मी भुताखेतांच्या नादी लागणारी बाई नाही. थर्मासच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते. प्रत्येक बाटली कानाला लावायची, आतून घुमल्यासारखा आवाज आला तर पुढे, नाही तर बाजूला. चांगल्या बाटलीत पाणी एक दिवस गरम राहतं, दुसऱ्या दिवशी कोमट होतं, तिसऱ्या दिवशी गार. कारखान्यात मी कोणाचं ऐकलं नाही, साहेबाचंसुद्धा नाही. बाटलीचं तेवढं ऐकलं.

५०२ मध्ये गू आजी आणि गू आजोबा राहायचे. आजोबांनी उभा जन्म बंदरात क्रेन चालवली. निवृत्त झाल्यावर स्वयंपाकघराच्या खिडकीला त्यांनी कप्पी बसवली आणि दोरीला वेताची टोपली बांधली. भाजीवाला असो, पोस्टमन असो की मी, त्यांनी कोणाला पाचव्या मजल्यापर्यंत चढू दिलं नाही. सामान टोपलीत ठेवायचं, दोरीला तीन हिसके द्यायचे, की टोपली वर. वाटेत तिसऱ्या मजल्यावर पान आडनावाच्या मास्तरांची बांबूची काठी बाहेर आलेली असते आणि तिच्यावर त्यांची रजाई वाळत असते. टोपली रजाईखाली येऊन थांबायची. मास्तर आतून म्हणायचे, "थांबा हं, गू आजोबा, काढतो," आणि रजाई आत घ्यायचे. मग टोपली पुढे जायची. ती कधी गोल फिरली नाही. "वर जाताना माल फिरला तर खाली माणूस मरतो," आजोबा म्हणायचे. टोपलीत कांद्याची पात असली तरी त्यांचा नियम तोच.

टाळेबंदीच्या तीन दिवस आधी आजोबांना धाप लागली आणि रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. आजींना बरोबर जाऊ दिलं नाही. टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळातून मला फोन आला. आजींना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून आजोबांनी अर्जावर माझा नंबर घातला होता. बोलणाऱ्या मुलीचा आवाज थकलेला होता. पहाटे गेले, ती म्हणाली. मग तिनं माफी मागितली, जसं काही तिनंच काही केलं होतं.

मी त्यांच्या मुलीला, हाइयानला, दूर शेनयांगला फोन लावला. 

"मावशी, आईला आत्ता नका सांगू," ती म्हणाली. "तिचं हृदय तुम्हाला माहीत आहे. घरात एकटी आहे ती."

"मग कधी सांगू?"

"कोणीतरी तिचा हात धरून बसू शकेल तेव्हा."

मी हो म्हटलं. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसाला अशी बातमी थेट देतच नाहीत. आधी चार माणसं जमवतात, गोळी हाताशी ठेवतात, मग जवळचं कोणी शेजारी बसून हळूहळू सांगतं. जमवायला माणसं कुठून आणणार होते मी? त्याच संध्याकाळी चौथ्या मजल्यावर एक जण बाधित निघाला आणि चौथ्यापासून वरचा जिना चौदा दिवसांसाठी बंद झाला. पांढऱ्या पोशाखातली माणसं तेवढी दिवसातून एकदा वर जात. आता माझ्यावर दोन कामं होती. आजींच्या हृदयाच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, आणि बातमी वर पोचू द्यायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता टोपली माझ्या खिडकीसमोर उतरली. आत चिठ्ठी होती.

'सूलान, मीठ संपलंय. म्हाताऱ्याची काही खबर?'

मी मीठ ठेवलं, गोळ्या ठेवल्या आणि लिहिलं: 'पिशव्या आधी औषधाच्या पाण्यानं पुसा, अर्धा तास उन्हात ठेवा, मगच उघडा. सकाळी खिडक्या उघड्या ठेवा. पाणी उकळून प्या. आजोबांचा ताप उतरलाय. आज थोडी पेज खाल्ली.' शेवटची दोन वाक्यं लिहिताना मला स्वतःची लाज वाटली. मी तीन हिसके दिले. टोपली वर गेली. कप्पी आहे, सामान हलकं आहे, आजींना जमलं असेल, असं मी मनाशी म्हटलं.

पाचव्या दिवशी समितीकडून तांदूळ आणि तेल आलं. पाच किलोची पिशवी आणि वर तेलाची बाटली. हिवाळ्यात आजींचं मनगट मोडलं होतं, भरलेली किटलीसुद्धा त्यांना उचलत नसे. हे ओझं पोशाखवाल्यांकडे द्यावं म्हणून मी टोपलीत फक्त गोळ्या ठेवल्या आणि हिसके दिले.

टोपली हलली नाही.

मी पुन्हा तीन हिसके दिले. टोपली जिथल्या तिथे. मी वर पाहिलं तर खिडकीत कोणी दिसेना, दोरी मात्र ताठ होती. मग काय वाटलं कोणास ठाऊक, मी तांदूळ उचलून टोपलीत ठेवले, वर तेल ठेवलं. हिसका द्यायच्या आतच टोपली उचलली गेली. एकसारखी, सावकाश, जराही न फिरता. तिसऱ्या मजल्याच्या खाली येऊन ती थांबली.

"थांबा हं, गू आजोबा, काढतो," पान मास्तर म्हणाले आणि रजाई आत गेली. मग त्यांनी खाली वाकून पाहिलं. "आजोबा घरी कधी आले? बोलली नाहीस मला."

"आजी ओढतायत, मास्तर. तुमची जीभ सवयीनं बोलते."

"आजी?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "चोवीस वर्षं हा हात बघतोय मी, सूलान. मला शिकवू नकोस." ते आत गेले. मास्तरांना विसरायला व्हायला लागलंय, असं मी ठरवून टाकलं. त्या दिवशी दुपारी जेवण मात्र गेलं नाही.

चाचणीची नळी दहा जणांची असते. दहा जणांच्या घशातल्या काड्या एकाच नळीत. वरच्या मजल्यांवर माझ्या यादीत नऊ माणसं होती. चाचणीवाला खाली आला तेव्हा त्याच्या चष्म्यावर वाफ धरली होती.

"वरची नळी पुरी भरली," तो म्हणाला. "दहा."

"वर नऊच आहेत."

"५०२ मध्ये दोघं ना."

"एकच. आजी."

"आजींच्या मागे आजोबा उभे होते की. मी सांगायच्या आधीच तोंड उघडलं त्यांनी, शहाण्यासारखं. बोलले काही नाहीत." तो नळी पेटीत ठेवत होता. "त्यांच्या हाताला मलम द्या काहीतरी. तळवे सोलून निघालेत."

मी यादी पुन्हा मोजली. नऊच. दुसऱ्या दिवशी निकाल आला, दहाही जण ठणठणीत. मलमाची ट्यूब माझ्या कपाटात होती. ती मी टोपलीत ठेवली, आणि का ठेवली हे स्वतःला विचारलं नाही.

मग चिंगमिंग आला, पितरांचा दिवस. कबरीवर जायला त्या वर्षी कोणाला मुभा नव्हती. टोपलीतून दोन हिरवे गोळे आले, चिकट तांदळाच्या पिठाचे, अजून गरम.

'नेहमीचा हिरवा पाला नाही मिळाला, पालकाच्या रसात केलेत. नाक मुरडू नकोस. तीन झाले होते. एक मी खाल्ला. त्याच्यापुढे ठेवला होता तो त्यानं नुसता बघितला, म्हणून तोही तुलाच. आज कसा आहे तो?'

ती चिठ्ठी मी कितीदा वाचली असेन. मग लिहिलं: 'बरे आहेत. आज उशीला टेकून बसले होते.' हिसके दिले. टोपली बराच वेळ माझ्या खिडकीपाशीच राहिली, कोणीतरी काहीतरी बोलावं म्हणून थांबलेल्या माणसासारखी. नंतर गेली वर.

चौदा दिवस भरले आणि जिना उघडला. मी खिशात गोळी घेऊन पाचव्या मजल्यावर चढले. आजींनी दार उघडलं. केस नीट विंचरलेले, ओटा लख्ख पुसलेला. खिडकीजवळच्या खुंटीवर दोरीचं वेटोळं होतं, बंदरावर घालतात तशा गाठीचं. मी आजींचा हात धरला आणि त्यांच्या कानाशी वाकले.

"आजी, तुम्हाला एक सांगायचंय."

"टाळेबंदीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेला," आजी म्हणाल्या. "बस आधी. किती वाळलीस गं."

मी बसले. "कोणी सांगितलं?"

"सांगणार कोण? दाराला आतून कडी होती. मी उठले तर हा खिडकीपाशी उभा, पायात घरच्या चपला. मग कळायला काय लागतं?"

"मग रोज त्यांची खबर का विचारायचात?"

"तू इतकं निगुतीनं लिहायचीस. ताप काय, पेज काय, उशी काय. वाचून बरं वाटायचं मला. त्यालाही दाखवायचे." त्यांनी माझा हात थोपटला. "आणि मला कळलंय हे तुला कळलं असतं, तर त्या खिडकीत रडत बसली असतीस. बाकीच्या घरांना कोणी बघायचं?"

मी रडले. इतक्या दिवसांचं सगळं रडून घेतलं. गोळी खिशातच राहिली.

जूनमध्ये शहर उघडलं. हाइयान आली. फाटकापाशी आम्ही सगळे जमलो, पान मास्तरांनी स्वतःच्या हातानं कुंचल्यानं निधनाची पाटी लिहिली. मग मुलीनं आईला शेनयांगला नेलं. ५०२ ची खिडकी मी स्वतः आतून लावली, दोरी आणि टोपली ओट्याखाली ठेवली, दाराला कुलूप घातलं. किल्ली माझ्या खणात.

त्यानंतर नवव्या दिवशी मी बाधित निघाले. दारावर कागद लागला, आत कोणी यायचं नाही, मी बाहेर जायचं नाही. पाणी उकळून प्या म्हणून अख्ख्या इमारतीला सांगणाऱ्या मला उठून किटली ठेवायचंही त्राण नव्हतं. माझं असं जवळचं कोणी नाही. पहाटेपासून मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून होते.

नऊ वाजता स्वयंपाकघराच्या खिडकीवर काहीतरी टेकल्याचा आवाज आला.

टोपली होती. आत गू आजींचा जुना थर्मास, झाकणाला रुमाल बांधलेला.

मी आधी खण उघडून पाहिला. किल्ली जागेवर होती.

थर्मास कानाला लावला. नीट घुमत होता. बूच काढलं तर आल्याचा वास आला आणि वाफ. पहिल्याच घोटाला जीभ पोळली.

मी सगळं प्यायले. थर्मास धुतला, टोपलीत ठेवला. हातानं सवयीनं तीन हिसके दिले.

टोपली वर निघाली. फिरली नाही. तिसऱ्या मजल्यावर त्या दिवशीही रजाई वाळत होती. टोपली तिच्याखाली येऊन थांबली.

"थांबा हं, गू आजोबा," पान मास्तर आतून म्हणाले, "काढतो."