ओळख पटली

हे खरंच घडलंय. राघवेंद्र माझा सख्खा आतेभाऊ, नांदेडचा. तिखटमीठ लावून बोलणं त्याच्या स्वभावातच नाही.

२०१७ चा जून. लातूर जिल्ह्यातलं एक तहसील कार्यालय. भरदुपार.

पण आधी थोडं मागचं सांगतो.

सरकारी कामं ऑनलाइन करताना मधली टेबलं कमी करायची, ही राघवेंद्रची नोकरी. निराधार पेन्शनसाठी म्हाताऱ्या माणसांना दरवर्षी हयातीचा दाखला लागायचा. ती यायची, कारकून तोंड बघून सही करायचा. राघवेंद्रनं ते टेबलच काढून टाकलं. आता फक्त मशीनवर अंगठा. साहेब लोक खूश.

मग थंडीत किल्लारीची शांतम्मा आली.

त्र्याण्णवच्या भूकंपात हातांनी दगडमाती उपसत लेकीला शोधताना तिची बोटं सोलून निघाली होती. अंगठ्यावर रेषाच उरल्या नव्हत्या.

मशीन बोललं, "ओळख पटली नाही."

पुन्हा लावला. पुन्हा तेच.

"साहेब, मी समोर हाय की!"

"मला दिसताय हो मावशी. पण सिस्टिमला दिसत नाही."

कारकून महादेवप्पा हळूच म्हणाला, "साहेब, एवढी एक सही करू द्या."

"एकीला सूट दिली की सगळी पद्धत कोलमडेल."

सोमवारी या, म्हणून राघवेंद्रनं तिला वाटेला लावलं. सोमवारी काहीच होणार नव्हतं... त्याला ते माहीत होतं.

ती आली. पुढच्याही सोमवारी आली.

पेन्शन थांबली, गोळ्या थांबल्या. उन्हाळ्यात शांतम्मा गेली.

आणि जूनची ती दुपार. प्रवेशासाठी लागणारा भूकंपग्रस्ताचा दाखला घ्यायला नीटच्या क्लासची मुलंमुली आलेली; त्यांचाही अंगठा त्याच मशीनवर. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही.

अचानक मशीन बोललं...

"ओळख पटली. शांतम्मा."

स्टुलावर कोणीच नव्हतं.

रांगेत मात्र, मशीनपाशी, एका माणसापुरती जागा मोकळी सुटलेली.

"पुढे सरक ना," राघवेंद्र पहिल्या मुलीला म्हणाला.

"सर, आजी अंगठा लावतायत ना..."

तिनं वळून पाहिलं. आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

काचेवर ठसा होता. ओला.

एकही रेष नसलेला.

राघवेंद्रनं त्याच दिवशी सहीचं टेबल पुन्हा सुरू करायला लावलं. तरी मनाची टोचणी जाईना. शेवटी तो किल्लारीला गेला.

शांतम्माची जाऊ नीलाबाई अंगणात उभी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"लई नाव घ्यायची तुमचं," ती म्हणाली. "म्हणायची, साहेब चांगला हाय. मशीनच वंगाळ हाय."

राघवेंद्रला मान वर करता येईना. तो तसाच निघाला.

तोच आतून आवाज आला...

"साहेब, पाणी पिऊन जावा की."

नीलाबाई दचकली नाही. तिनं नुसता पदर सावरला.

राघवेंद्र पळत सुटला. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

आता तो नांदेडातच दुसरी नोकरी करतो. हा विषय निघाला की उठून जातो. परवा मात्र बसून राहिला.

मग एवढंच म्हणाला,

"पाणी प्यायला पाहिजे होतं रे..."